दोन वेळू : शाब्दिक उदाहरण, गणितवाट आणि स्थळाचा पाठ

इसवी सन ११५० मध्ये सिद्ध झालेल्या भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त वेळू दोन निराळ्या भूमिकांत भेटतो. पहिला वेळू ‘लीलावती’तला. सपाट भूमीवर ३२ हात उंचीचा एक वेळू उभा आहे. वाऱ्याच्या झोताने तो मध्येच मोडतो आणि त्याचे टोक मुळापासून १६ हातांवर जमिनीस टेकते. वेळू मुळापासून किती हातांवर मोडला, ते सांगावयाचे. उत्तर १२ हात. दुसरा वेळू गोलाध्यायातील यंत्राध्यायात आहे. चक्र, चाप, फलक अशा अनेक यंत्रांचे विवेचन झाल्यावर आचार्य तेथे ‘धीयंत्रा’कडे वळतात. धी म्हणजे बुद्धी. तीच सर्वांत समर्थ यंत्र, आणि तिच्या जोडीला हातात केवळ एक काठी. समोरच्या वेळूचे मूळ काठीच्या रेषेत पाहावे, मग अग्र पाहावे, आणि एवढ्यावरून तो किती दूर आहे व किती उंच आहे ते काढावे. पाण्यात दिसणाऱ्या प्रतिबिंबावरूनही हे करता येते, असे पुढे येते. स्पष्टीकरणाकरिता आकडे घेतले जातात हे खरे. पण रीतीचा आरंभ आकड्यापासून होत नाही, पाहण्यापासून होतो.

दोन्ही वेळूंमागचे गणित काटकोन त्रिकोणाचेच आहे. तरीही वाङ्मयप्रकार म्हणून पाहता ते एकमेकांपासून फार दूर आहेत. पहिला वेळू सांगितलेला आहे. तो कोठे उगवला होता असे विचारणे हास्यास्पद ठरेल. दुसरा समोर उभा असावा लागतो. पहिल्याचे गणित करणाऱ्यास शरीर नाही. दुसऱ्यात मात्र वेळूचे मूळ पाहून अंतर काढावयाचे तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची माहीत असावीच लागते; म्हणजे पाहणारा स्वतः गणितातील एक राशी होऊन बसतो. शालेय गणिताने पहिला वेळू उचलला आणि दुसरा मागे ठेवला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘मॅथ्स ट्रेल’ या नावाने जो उपक्रम पुढे आला, त्याचे वर्णन सामान्यतः अध्यापनातील एक नवी क्लृप्ती असे केले जाते. मागे राहिलेल्या त्या दुसऱ्या वेळूच्या कुळात त्याला बसवले, तर त्याचा इतिहास अधिक लांबचा आणि साहित्याच्या अभ्यासकास अधिक जवळचा ठरतो.

सांगितलेल्या वेळूचा प्रवास तौलनिक अभ्यासकांना परिचित वाटावा असा आहे, कारण तो लोककथेतील एखाद्या कल्पनाबंधासारखा देशोदेशी हिंडला आहे. चीनमध्ये हान काळात संकलित झालेल्या ‘नऊ अध्याय’ या गणितग्रंथात वेळूची उंची १० चि आहे आणि टोक मुळापासून ३ चि अंतरावर टेकते. मोडलेल्या जागेची उंची ४ पूर्णांक ११ विसांश चि येते. कर्नाटकात नवव्या शतकात महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’तही ही कल्पना आढळते. फ्लॉरेन्समध्ये १४९१ साली छापलेल्या फिलिप्पो कालांद्रीच्या अंकगणितात वेळूचे झाड होते, ते नदीकाठी उभे राहते आणि मोडून पडताना त्याचे टोक पैलतीरास लागते. झाड ५० मापांचे, नदी ३० मापांची, बुंधा उरतो १६. ही उदाहरणे एकमेकांपासून आली की स्वतंत्रपणे सुचली, हा वाद येथे बाजूस ठेवता येईल. लक्षणीय गोष्ट अशी की प्रत्येक ठिकाणी भूदृश्य बदलते आणि गणिताला त्याचे सोयरसुतक नसते. वेळूच्या जागी झाड आले, मैदानाच्या जागी नदी आली, तरी रीत तीच राहते. स्थळ हे येथे अलंकारासारखे आहे. काढून घेतले तरी अर्थ उणावत नाही.

आकड्यांकडे पाहिले म्हणजे हे अधिकच स्पष्ट होते. भास्कराचार्यांचा त्रिकोण १२, १६, २० असा आहे. कालांद्रीचा १६, ३०, ३४ असा. ‘लीलावती’तील ९ हात उंच खांबावरचा मोर आणि २७ हातांवरून बिळाकडे धावणारा साप बिळापासून १२ हातांवर गाठले जातात, तेथेही त्रिकोण ९, १२, १५ असाच. उत्तर पूर्णांकात यावे म्हणून साप, मोर आणि वारा हे सारे शहाण्यासारखे वागतात. चिनी ग्रंथकाराला अपूर्णांकाची भीती वाटलेली दिसत नाही, ही त्याची विशेष गोष्ट म्हणावी लागेल. अशा उदाहरणांचे काव्यगुण कोणी नाकारू नयेत. फैजीने १५८७ मध्ये फारसीत, टेलरने १८१६ मध्ये मुंबईत आणि कोलब्रुकने १८१७ मध्ये इंग्रजीत ‘लीलावती’ नेली, तेव्हा तिच्यातील हंस, भुंगे आणि कमळे हीच परभाषिक वाचकास प्रथम भावली असावीत. पण ह्या सोयीस्कर सृष्टीत वाढलेल्या विद्यार्थ्याचा एक समज दृढ होतो. जगातील वस्तूंना मापे आधीच चिकटलेली असतात आणि आपले काम ती सूत्रात घालण्याएवढेच, असे त्याला वाटू लागते.

दुसऱ्या कुळाचे ग्रंथही तितकेच जुने आहेत. इसवी सन २६३ च्या सुमारास ल्यू हुइ याने समुद्रातील बेटाची उंची किनाऱ्यावरूनच, दोन खांब रोवून, कशी काढावी ते लिहून ठेवले. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात अल् बिरूनीने आजच्या पाकिस्तानातील नंदना किल्ल्याजवळच्या डोंगराची उंची दोन ठिकाणांवरून वेध घेऊन काढली, आणि मग शिखरावरून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते ते मोजून पृथ्वीच्या त्रिज्येचा अंदाज बांधला. स्वतः ‘लीलावती’च्या छायाव्यवहारात एक उदाहरण असे आहे की ते दोन्ही कुळांच्या सीमेवर उभे असल्यासारखे वाटते. १२ अंगुळे उंचीच्या शंकूची दिव्याच्या उजेडात पडलेली सावली ८ अंगुळे भरते. शंकू त्याच रेषेत २ हात मागे नेला की ती १२ अंगुळे होते. दिवा किती उंच? दोन हात म्हणजे ४८ अंगुळे. दोन सावल्यांच्या टोकांमधील अंतर ५२ अंगुळे. दिव्याची उंची १५६ अंगुळे, म्हणजे साडेसहा हात. येथे आकडे दिलेले आहेत, परंतु ते कोणी तरी शंकू हलवून मिळवलेले आहेत. दिव्याच्या तळाशी जाता येत नाही, म्हणून माणसाला आपली जागा बदलावी लागली. ल्यू हुइचे दोन खांब आणि भास्कराचार्यांचा दोनदा ठेवलेला शंकू ह्यांतील साम्य केवळ सूत्राचे नाही; अगम्य वस्तूपुढे माणसाने काय करावे, याविषयीची ती एकच सूचना आहे.

मग शाळेत हे का टिकले नाही? भारतापुरते बोलावयाचे तर त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. तमिळ प्रदेशातील तिण्णै शाळांचा, म्हणजे घराच्या ओट्यावर भरणाऱ्या शाळांचा, सविस्तर अभ्यास सेंथिल बाबू यांच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात आहे. त्यावरून असे दिसते की तेथील मुले संख्यांबरोबरच धान्याची, सोन्याची व जमिनीची मापे मुखोद्गत करीत, आणि ही मापे त्या गावात प्रत्यक्ष चालणारी असत. पाठांतर होतेच, जातीची चौकटही होती. पण पाठ केलेले माप संध्याकाळी खळ्यावर भेटत असे. ‘कणक्कदिकारम्’ या तमिळ गणितग्रंथाच्या परंपरेतील म्हणून एक मौजेचा नियम सांगितला जातो. फणसाच्या देठाभोवतीचे काटे मोजावेत, त्यांस ६ ने गुणून ५ ने भागावे, म्हणजे आतील गऱ्यांची संख्या येते. नियम कितपत खरा, हे फणस कापल्यावर कळते. आणि नियमाची खरी गंमत तीच आहे.

इलाख्याइलाख्यांत एकच छापील पुस्तक आल्यावर हा संबंध सुटला. पुस्तक सर्व गावांसाठी असल्यामुळे ते कोणत्याच गावाचे उरले नाही. ह्याची बोच अनेकांना होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणात मोडी, हिशोब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान यांचा आग्रह धरला, तो शेतकऱ्याच्या मुलास शाळेत शिकलेले शेतात उपयोगी पडावे म्हणून. १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योगाभोवती अभ्यासक्रम उभा करण्याची योजना मांडली. टकळीवरच्या सुताची लांबी आणि वजन हे तिच्यातील अंकगणित. मात्र ह्या योजनेत गणित उद्योगाशी बांधले गेले होते, स्थळाशी नव्हे. हा भेद महत्त्वाचा आहे. सूत वर्ध्यात कातले काय आणि बिहारमध्ये कातले काय, त्याचे गणित तेच. गावातील पाराची, विहिरीची वा वेशीची एक स्वतंत्र मोजणी असू शकते, हा विचार तेथे आनुषंगिकच राहिला.

तो विचार मुख्य म्हणून पुढे आला तो नगरांत. कॉलिन वॉर्ड व अँथनी फायसन यांचे ‘स्ट्रीटवर्क’ हे पुस्तक १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये निघाले. रस्ता हीच शाळा, असा त्याचा एकूण पवित्रा होता. नगरातील इमारती पाहत नेमलेल्या वाटेने चालण्याचे उपक्रम त्या काळी तेथील शाळांत रुजत होते. गणिताने ही कल्पना उसनी घेतली. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या मध्यभागी डडली ब्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखलेली गणितवाट ही ह्या प्रकारातील आरंभीच्या ठळक वाटांपैकी एक मानली जाते. ती सुटीच्या दिवसांत कुटुंबांनी मिळून चालण्यासाठी होती. परीक्षा नव्हती, आणि वर्गही नव्हता. शाळेच्या गणिताला शाळेबाहेर काढण्याची पहिली अट बहुधा हीच असावी.

मेलबर्न हे शहर अशा प्रयोगास अनुकूल होते, याचे कारण ते मुळातच मापाने आखलेले आहे. १८३७ मध्ये रॉबर्ट हॉडल याने आखलेल्या जाळीत मोठे रस्ते ९९ फूट रुंद आणि त्यांच्यामधील लहान रस्ते ३३ फूट रुंद आहेत. ६६ फुटांची गुंटरची साखळी भूमापकांच्या हाती असे; म्हणजे मोठा रस्ता दीड साखळीचा, लहान रस्ता अर्ध्या साखळीचा, आणि मोठ्या रस्त्यांमधला चौक १० साखळ्या बाजूचा. अशा चौकाचे क्षेत्रफळ, मधला लहान रस्ता धरून, १० एकर. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. महाराष्ट्रात सातबाऱ्याच्या भाषेतला गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात ३३ फूट बाजूचा चौरस. असे ४० गुंठे म्हणजे एकर. मेलबर्नच्या लहान रस्त्याची रुंदी ही गुंठ्याची बाजू आहे. एकाच साम्राज्याच्या साखळीने दक्षिण गोलार्धातले शहर आणि दख्खनचे शेत मापले गेले, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात वाचता येते. पण तो रस्ता पावलांनी ओलांडणाऱ्या मुलाला ती पायांतून कळू शकते. गणितवाटेचा हा ऐतिहासिक लाभ तिच्या प्रवर्तकांनी फारसा सांगितलेला नाही. त्यांचे लक्ष गणिताची गोडी लावण्याकडे होते, आणि गोडी हा शब्द शिक्षणशास्त्रात जरा स्वस्त झाला आहे.

२००४ मध्ये शोफ, पोलक आणि श्नायडर यांनी अमेरिकेत गणितवाटांविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. गणितवाट सर्वांसाठी असावी, तिच्यात स्पर्धा नसावी, चालणाऱ्याने ती आपल्या इच्छेने व आपल्या गतीने चालावी, असे तिच्या स्वरूपाविषयी त्यांनी सांगितले. आणि त्यांबरोबरच एक निराळे लक्षणही नोंदवले : गणितवाट ही तात्पुरती असते. जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या ग्योटे विद्यापीठात २०१२ मध्ये मातिआस लुडविग यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘मॅथसिटीमॅप’ या प्रकल्पाने ह्या वाटा मोबाइल फोनवर आणल्या. त्यातील कूटांना लावलेली एक कसोटी येथे विशेष प्रस्तुत आहे. कूट असे असावे की ते सोडवण्यास त्या जागी गेल्यावाचून गत्यंतर नाही. घरी बसून, छायाचित्र पाहून, उत्तर काढता आले तर ते कूट वाटेवरचे नव्हे.

ही कसोटी साहित्यशास्त्राच्या भाषेत मांडली तर तिचे नवल अधिक कळेल. सामान्य पाठ हा आपल्या स्थळापासून सुटा होऊन वाचला जावा, यासाठीच लिहिलेला असतो; लेखनकलेचे ते पहिले सामर्थ्य. गणितवाटेचे पान मात्र मुद्दाम अपुरे ठेवलेले असते. त्यातील वाक्ये आज्ञार्थी असतात : येथे उभे राहा, उत्तरेकडे तोंड करा, पायऱ्या मोजा, चौथ्या खांबापासून दोरी लावा. पानावर आकडा नाही, तो दगडात आहे. घरी वाचणाऱ्यास हे पान जवळजवळ निरर्थक वाटते.

असा पाठ मराठीला अपरिचित नाही. महानुभाव वाङ्मयातील ‘स्थानपोथी’ ही चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पावन झालेल्या स्थानांची नोंद आहे. वि. भि. कोलते यांनी संपादिलेल्या ह्या पोथीत कथा जवळजवळ नाही. अमुक गावात अमुक देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेस, त्याच्या कोणत्या बाजूस दुसरे स्थान, तेथून पुढचे कोणीकडे, एवढेच ती सांगत जाते. लीळा माहीत असलेल्या आणि त्या गावी पायी आलेल्या साधकासाठीच ती लिहिलेली आहे. साहित्यगुण शोधणारा वाचक तिच्यावर निराश होऊन परततो आणि पुरातत्त्वाचा अभ्यासक तिला उराशी धरतो, ह्यातच तिच्या जातीची ओळख आहे. शाब्दिक उदाहरणाचे नाते जर कूटकाव्याशी असेल, तर गणितवाटेचे नाते ‘स्थानपोथी’शी आहे. दोहोंत वाचकाच्या पावलांवाचून पाठ पुरा होत नाही. फरक श्रद्धेचा आहे, आणि तो लहान नाही. साधक स्थानापुढे नमतो. विद्यार्थ्याने स्थानाला प्रश्न विचारावयाचा असतो. पण लक्ष देण्याची शिस्त दोघांचीही सारखीच.

हैदराबादच्या चारमिनारपाशी असे एखादे पान तयार करावयाचे झाले, तर काय घडेल? इमारत १५९१ ची. तिच्या मिनारांची उंची पुस्तके निरनिराळी देतात, कोठे ४८.७ मीटर, कोठे ५६ मीटर. शाब्दिक उदाहरण लिहिणारा यांतील एक आकडा निवडील आणि पुढे जाईल. वाटेवरच्या विद्यार्थ्याजवळ कंपासपेटीतला ४५ अंशांचा गुण्या आणि दोऱ्याला दगड बांधून केलेला ओळंबा आहे. गुण्याची एक काटकोनी बाजू ओळंब्याशी जुळवून तिरक्या बाजूने मिनाराचे टोक दिसेपर्यंत त्याने मागे सरकत जावे. टोक दिसले त्या जागेपासून मिनाराच्या पायथ्याचे अंतर मोजावे आणि त्यात आपल्या डोळ्यांची उंची मिळवावी. भास्कराचार्यांच्या काठीवाल्या माणसाप्रमाणे येथेही पाहणारा उत्तरात शिरतो, १.४ मीटरवर डोळे असलेली मुलगी आणि १.६ मीटरवर डोळे असलेले शिक्षक एकाच जागी उभे राहू शकत नाहीत. पहिला आकडा खरा असेल तर मुलगी ४७.३ मीटरवर उभी असेल, दुसरा खरा असेल तर ५४.६ मीटरवर. सात मीटरांहून अधिक अंतर आहे, दहा-बारा पावलांचे. म्हणजे छापील पुस्तकांतील मतभेद मिटवण्याचे सामर्थ्य एका गुण्यात आहे, अर्थात उंची म्हणजे काय हे आधी ठरवले तर. कळस धरावयाचा का? जमीन म्हणजे रस्ता की चौथरा? आणि बाजाराच्या गर्दीत पायथ्यापर्यंत दोरी नेता आली नाही तर? मग ‘लीलावती’तल्या शंकूप्रमाणे एकाच रेषेत दोन जागांवरून दोन वेध घ्यावे लागतील.

दोन गटांची उत्तरे येथे कधीच तंतोतंत जुळणार नाहीत. शाळेतील गणिताच्या दृष्टीने हे संकट आहे, कारण तेथे पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एकच उत्तर छापलेले असते. ‘मॅथसिटीमॅप’ने ह्यावर काढलेला तोडगा साधा आहे. मोजमापाच्या कूटाचे उत्तर एक संख्या म्हणून ठेवलेले नसते, तर एक पट्टा म्हणून ठेवलेले असते. आतल्या पट्ट्यात उत्तर पडले तर हिरवे, बाहेरच्या पट्ट्यात पडले तर नारिंगी. चूक आणि बरोबर ह्यांच्यामध्ये एक प्रदेश असतो, ह्याची ही कबुली. भारतात ती आधीच दिली गेली होती. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ पासून चाललेल्या विज्ञानशिक्षणाच्या कार्यक्रमात, त्याच्या ‘बाल वैज्ञानिक’ या हिंदी पुस्तकांत, मापनातील घट-बढ हा शिकण्याचा विषय होता, आणि परिभ्रमण हा अभ्यासक्रमाचा भाग होता. एकच लांबी सगळ्या वर्गाने मोजावी, आलेली निरनिराळी मापे मांडावीत आणि त्या पसाऱ्याकडे पाहावे. खेड्यातील सरकारी शाळांत हे तीस वर्षे चालले. २००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. पुढे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २००५ च्या निमित्ताने गणिताची भीती आणि जीवनाशी तुटलेला संबंध ह्यांविषयी पुष्कळ चांगले लिहिले गेले. बंद पडलेल्या त्या वर्गांचा अनुभव जवळ असताना ते लिहावे लागले, हे विसरता येत नाही.

स्थळ हा प्रतिवाद करणारा पाठ आहे, ह्याचे सर्वांत उत्तम उदाहरण जयपूरला सापडते. सवाई जयसिंहाच्या तेथील वेधशाळेतील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याच्या शंकूचा उतार जमिनीशी जो कोन करतो तो जयपूरच्या अक्षांशाएवढा, सुमारे २७ अंश आहे. कोनमापक आणि ओळंबा घेऊन आलेल्या नववीच्या विद्यार्थ्याला त्या उतारावरून आपण पृथ्वीवर कोठे आहोत ते काढता येते; इमारत हीच तेथे भूमितीची आकृती आहे. सावली अर्धवर्तुळाकार पट्टीवरून मिनिटाला सुमारे ६ सेंटीमीटर सरकते, आणि ती सरकताना डोळ्यांना दिसते. पण विद्यार्थ्याने सावलीवरून वेळ वाचली आणि मनगटाकडे पाहिले, तर दोन्हींत सुमारे अर्ध्या तासाचा फरक निघेल. यंत्र चुकलेले नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची आहे आणि जयपूर ७५.८ अंशांवर, दर अंशास ४ मिनिटे धरली तर फरक सुमारे २७ मिनिटांचा, आणि वर्षभरात त्यात होणारा थोडा कमीजास्तपणा निराळा. १९०६ पासून लागू झालेली प्रमाणवेळ आणि त्या जागेची स्वतःची वेळ ह्यांतील तंटा एका वजाबाकीत उलगडतो. पाठ्यपुस्तकातील रेखावृत्तांची उदाहरणे हेच सांगतात, पण तेथे घड्याळ आणि सावली एकमेकांना खोटे पाडीत नाहीत.

दिल्लीची वेधशाळा जयपूरच्या आधीची, १७२४ ची. तेथे संसद मार्गालगत विसाव्या शतकात उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि ज्या यंत्रांना मोकळे आकाश व स्वच्छ सावली हवी त्यांच्याभोवती दुसऱ्याच सावल्या जमल्या. यंत्राचा कोन अद्याप मोजता येतो. वेध घेणे मात्र पूर्वीसारखे राहिलेले नाही. गणितवाट तात्पुरती असते, ह्या लक्षणाचा कठोर अर्थ येथे दिसतो. रस्ता रुंद होतो, ओटा पाडला जातो, पायऱ्यांवर फरशी चढते. मग पान शिल्लक राहते आणि त्याचे उत्तर नाहीसे होते. ‘स्थानपोथी’तील कित्येक स्थानांचे असेच झाले आहे. स्थळ गेल्यावर अशा पाठापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर तो न सुटणारे कूट म्हणून पडून राहतो, किंवा कोणी तरी जुनी मापे त्यात भरतो आणि त्याचे पुन्हा शाब्दिक उदाहरण करून टाकतो. यंत्राध्यायातला वेळू तेव्हा ‘लीलावती’तल्या वेळूजवळ जाऊन बसतो.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला. त्याला मिळालेल्या दानांचा शिलालेख शके ११२८ चा असून भाऊ दाजी यांनी एकोणिसाव्या शतकात तो प्रकाशात आणला. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. त्यात ज्योतिषी घराण्याची स्तुती आहे, राजवंशाची आहे. शेवटी मात्र भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते, कारण आता बाजारातल्या लोकांनी वाचावयाचे आहे. पाटणात जो माल येईल त्यावरील उत्पन्नाचा वाटा मठास, घाण्यामागे पळीपळीने तेल मठास, असा तो तपशील आहे. पुढे असे नेमून दिले आहे की मापावयाचे ते मठाच्याच मापाने मापावे, आणि मापाबद्दल जे मिळेल त्यातले अर्धे मठाला, अर्धे मापणाऱ्याला.